शाळेतल्या विज्ञान-गणित शिक्षणावरच्या संशोधनाला फंडिंग कसं मिळतं, आणि बातम्या वेळेवर कळतात कशा?

मंदबल्ब लिहिते:

नमस्कार मंडळी. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली दोन वर्षं आम्ही तिघी शिक्षिका मिळून सर्किटच्या धड्यावर काम करतोय. झालं असं की एकदा मुलांना दोन सारखे बल्ब एकामागे एक जोडायला दिले आणि आधी विचारलं की कुठला जास्त उजळेल, तर अर्ध्याहून जास्त वर्ग म्हणाला पहिला, कारण करंट आधी त्याच्याकडे येतो, तो खाऊन घेतो आणि उरलेला पुढच्याला मिळतो. जोडलं तर दोन्ही सारखेच पेटले. सगळे गप्प. मग एका मुलानं उठून बॅटरी उलटी लावली, आता दुसरा जास्त पेटतो का ते बघायला. आमचं सगळं काम त्या क्षणापासून सुरू झालं. धडा पूर्ण नव्यानं लिहिला, आधी अंदाज, मग जोडणी, मग चित्र काढून कारण सांगायचं.

आता हे बाहेरच्या शाळांत करून नीट मोजायचंय. चार शाळा, साधारण ५०० मुलं असा प्लॅन करून एका ठिकाणी अर्ज केला होता, तीन ओळींत नकार आला, म्हणे संशोधनाचा प्रश्न स्पष्ट नाही. बाकी ठिकाणचे कॉल, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या सूचना, तर मला तारीख उलटून गेल्यावरच दिसतात. तुम्हाला हे वेळेवर कुठून कळतं? आणि सगळीकडे निधी कापल्याच्या बातम्या येतायत, अशात नवीन माणसानं यात पडावं का? प्लीज मनापासून सांगा, आम्हाला खरंच हे पुढे न्यायचंय.

प्रयोगवही:

आधी एक विचारतो, अर्जात निम्म्याहून जास्त खर्च बल्ब, वायरी, मीटर, टॅबलेट यांचा होता का? असेल तर नकार तिथेच आलाय. संशोधनाचा निधी सामानाला मिळत नाही, प्रश्नाला मिळतो, सामान त्या प्रश्नाच्या मागून येतं. साहित्य वाटणाऱ्या योजना वेगळ्या असतात, त्यांचे परीक्षकही वेगळे.

बातम्यांचं म्हणाल तर कॉलची वाट बघत बसू नका, मंजूर झालेले प्रकल्प वाचायला लागा. एनएसएफ ही संशोधनाला निधी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, तिचा पैसा मुख्यतः तिथल्याच संस्थांना जातो, पण त्यांची मंजूर अनुदानांची यादी कुणालाही उघडून बघता येते, रक्कम, मुदत, सारांश सगळं असतं. शालेय पातळीच्या संशोधनाला त्यांनी अनेक वर्षं डीआरके-१२ या कार्यक्रमातून निधी दिला, तो शब्द टाकून शोधा आणि वीसेक सारांश शांतपणे वाचा. चांगल्या सारांशात तुम्हाला दिसेल की पहिल्या दोन-तीन वाक्यांत मुलांना नेमकं काय अवघड जातं ते येतं, मग आत्तापर्यंत काय माहीत आहे, मग काय माहीत नाही, आणि वस्तू कुठे आली तर शेवटी. हे वीस सारांश मला कुठल्याही कार्यशाळेपेक्षा जास्त शिकवून गेले.

दुसरं म्हणजे माणसं धरा. नार्स्ट ही विज्ञान शिक्षण संशोधकांची संघटना १९२८ पासून आहे, युरोपात एसेरा आहे, गणितवाल्यांची पीएमई १९७६ पासून. यांच्या परिषदांचे कार्यक्रम चाळले की कोण कशावर काम करतंय ते कळतं, आणि कॉल येण्याआधीच कुजबुज त्यांच्याकडे असते. तुमच्या विषयावर पेपर लिहिणाऱ्या दोघा-तिघांना सरळ मेल टाका, त्या बॅटरी उलटी करणाऱ्या मुलाची गोष्ट जशी इथे लिहिलीत तशीच लिहा. उत्तर येतं, माझा अनुभव आहे.

आकडेमोड:

प्रयोगवही बरोबर बोलतायत पण मला ते "चार शाळा ५०० मुलं" खटकलं, त्याबद्दल बोलायलाच हवं कारण बहुतेक नवे अर्ज इथेच पडतात आणि कुणी कारण सांगत नाही.

एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, तेच शिक्षक, तेच वातावरण. त्यामुळे एकाच शाळेतली शंभर मुलं म्हणजे माहितीच्या हिशेबानं शंभर मुलं नव्हेत. हे सारखेपण ज्यानं मोजतात त्याला आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन) म्हणतात, शालेय परीक्षांच्या गुणांत ते ०.२ च्या आसपास धरलं तर फार चुकत नाही. आता हिशेब करा: एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून एक वजा, त्याला आयसीसीनं गुणा, त्यात एक मिळवा. चार शाळा म्हणजे प्रत्येकी १२५ मुलं, १२४ गुणिले ०.२ म्हणजे २४.८, अधिक एक म्हणजे २५.८. पाचशेला त्यानं भागलं की उरतात जेमतेम १९. पाचशे मुलांची परीक्षा घेऊन, पेपर तपासून हातात १९ मुलांएवढी माहिती! हीच ५०० मुलं २० शाळांतून, प्रत्येकी २५ घेतली तर भाजक ५.८ येतो आणि ८६ उरतात. म्हणजे मुलं वाढवून उपयोग नाही, शाळा वाढवायला लागतात. आणि पैसा लागतो तो तिथेच, प्रवासाला, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला, चाचण्या तपासायला.

अजून एक, किती फरक पडेल याचा दावा जपून करा. लॉर्टी-फोर्ग्ज आणि इंग्लिस या संशोधकांनी २०१९ मध्ये शिक्षणातले नवे कार्यक्रम तपासणारे ब्रिटन-अमेरिकेतले १४१ मोठे प्रयोग एकत्र पाहिले, सरासरी परिणाम ०.०६ प्रमाण विचलन (गुण किती पसरलेत त्याचं माप) एवढाच निघाला. त्यामुळे अर्जात "गुण दुप्पट होतील" असलं काही दिसलं की परीक्षकाचा विश्वासच उडतो.

मंदबल्ब:

१९ वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून होते 😔 पण बरं झालं आत्ता कळलं. आणि हो प्रयोगवही, निम्म्याहून जास्त खर्च टॅबलेटचाच होता. पण मग आमच्यासारख्या तिघींनी २० शाळा आणायच्या कुठून?

जुनी_फाईल:

नका आणू. तुमची पायरी ती नाहीच. एनएसएफ आणि अमेरिकेच्या शिक्षण खात्याची संशोधन संस्था आयईएस यांनी २०१३ मध्ये मिळून एक मार्गदर्शक तत्त्वांचा दस्तऐवज काढला, त्यात शिक्षण संशोधनाचे सहा प्रकार सांगितलेत. पायाभूत, प्राथमिक शोध, रचना आणि विकास, मग परिणामकारकतेच्या दोन पातळ्या आणि शेवटी विस्तार. तुम्ही तिसऱ्या पायरीवर उभ्या आहात आणि अर्ज चौथीचा केलात. तिसऱ्या पायरीवर चार शाळा पुरतात, कारण तिथे "किती गुण वाढले" हा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो की धडा कुठे अडतो, कुठला शिक्षक काय बदलतो, मुलाचं चित्र कधी बदलतं.

घाई करून वरच्या पायरीवर गेल्यावर काय होतं त्याचं उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये ईईएफ ही संस्था २०११ मध्ये १२.५ कोटी पौंडांच्या सरकारी निधीतून उभी राहिली, त्यांचं मला आवडतं ते हे की मूल्यमापन बाहेरच्या लोकांकडून करून घेतात आणि निकाल वाईट आला तरी छापतात. प्राथमिक शाळेत विज्ञानावर विचार आणि चर्चा करायला लावणारा एक कार्यक्रम त्यांनी चाळीसेक शाळांत तपासला, तीन महिन्यांची जादा प्रगती दिसली. मग दोनशेच्या वर शाळांत नेला आणि गुणांमधला फरक दिसेनासा झाला. हे अपयश नाही, हेच तर ज्ञान आहे, पण पहिल्या निकालावर थांबलो असतो तर कळलंच नसतं.

आता निधी कापण्याबद्दल. एप्रिल २०२५ पासून एनएसएफनं एक हजाराहून जास्त अनुदानं मध्येच बंद केली आणि सर्वात मोठा फटका बसला तो त्यांच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शिक्षण विभागाला. त्याआधी फेब्रुवारीत आयईएसची सुमारे ९० कोटी डॉलरची कंत्राटं रद्द झाली होती. यात नुसता पैसा जात नाही. तीन वर्षं शाळांत मोजमाप चाललेलं असतं आणि शेवटच्या वर्षाची चाचणीच झाली नाही तर आधीची दोन वर्षंही वाया जातात, ज्या शिक्षकांनी स्वतःचे तास दिले त्यांना सांगणार काय? मला हे वाचून फार वाईट वाटलं. पण या क्षेत्रानं हे आधीही पाहिलंय. १९५७ ला सोव्हिएत रशियाचं स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेत शालेय विज्ञानावर पैशाचा पाऊस पडला, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एनएसएफचा शिक्षण विभाग जवळजवळ बंदच केला होता, आणि १९८३ नंतर परत उभा केला. म्हणून यात जरूर पडा, फक्त एकाच देणगीदारावर सगळं लावू नका.

प्रयोगवही:

छोट्या निधीसाठी स्पेन्सर फाउंडेशन या शिक्षण संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकी संस्थेची लहान अनुदानं बघा, ५० हजार डॉलरपर्यंत असतात, इतर देशांतूनही अर्ज चालतो, अर्ज इंग्रजीत आणि बजेट डॉलरमध्ये. पण मुख्य संशोधकाकडे साधारणपणे पीएचडी लागते आणि अर्ज संस्थेमार्फत जातो, म्हणून ते मेल टाकणं आजच करा, विद्यापीठातलं कुणीतरी सोबत हवंच. आणि चाचणी घरी बनवू नका, सर्किटच्या कल्पनांसाठी डायरेक्ट नावाची २९ प्रश्नांची तपासलेली चाचणी २००४ पासून आहे, ती मोठ्या मुलांसाठी बनवलीय त्यामुळे तुमच्या वर्गांना कुठले प्रश्न झेपतात हे आधी बघायला लागेल. खरं तर तेच एक छान छोटं काम आहे.

मंदबल्ब:

काल रात्री तिघी बसलो आणि टॅबलेट पूर्ण काढून टाकले. प्रश्न असा लिहिलाय, सांगा चालेल का: "करंट वापरला जातो असं मानणारी मुलं अंदाज-जोडणी-चित्र या क्रमातल्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर आपलं म्हणणं बदलतात, आणि शिक्षकानं तेव्हा काय विचारलेलं असतं?" दोन संशोधकांना मेलही गेलेत.

आकडेमोड:

हा प्रश्न मी परीक्षक असतो तर पुढे वाचला असता. एकच भर घाला, बदललेलं म्हणणं टिकतं का? धडा संपल्यावर लगेच विचारलं तर सगळेच बरोबर बोलतात, तीन महिन्यांनी परत तेच दोन बल्ब समोर ठेवा.

मंदबल्ब:

घातलं. आणि त्या वेळी बॅटरी टेबलावर सुटी ठेवणार आहोत, कुणाला उलटी लावून बघायची असेल तर.