मंदीत कामगारांसोबत उभी राहिलेली पोरं : कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

कोल्हापुरात बिंदू चौक, दसरा चौक, कलेक्टर ऑफिस हा मोर्च्याचा रस्ता सगळ्यांना पाठ आहे. फोटोही निघतात. पण मोर्च्याच्या आधी आणि नंतर कॉलेजच्या पोरापोरींनी काय काय केलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. २००८ ची मंदी, नोटाबंदी, २०१९ ला वाहन उद्योग बसला तो काळ, मग लॉकडाऊन. दर वेळी शिरोलीची एमआयडीसी असो, गोकुळ शिरगावची असो, सगळ्यात आधी घरी बसली ती ठेकेदाराकडची माणसं. तेव्हा तुम्ही विद्यार्थी असाल आणि कामगारांसाठी काही केलं असेल, किंवा तुम्हीच कामगार असाल, तर सविस्तर लिहा. कारखान्याचं, ठेकेदाराचं नाव नको. सुरुवात मी करतो, माझ्याखाली इतरांनी पाठवलेले अनुभव एकेक करून जोडलेत.

शिरोली, २०२०

बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या गल्लीतली निम्मी घरं फाउंड्रीवर चालतात, कुणी मोल्डिंगला म्हणजे साचे करायला, कुणी फेटलिंगला म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला. मार्चअखेर सरकारनं पीएफमधून पैसे काढायची सवलत दिली : तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. परतफेड नाही. तालमीच्या कट्ट्यावर आम्ही मित्र मोबाइल घेऊन बसलो, तर बऱ्याच जणांना आपला यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबरच माहीत नव्हता. कुणाचं आधारवर ‘दत्तात्रय’, पीएफला ‘दत्ता’. कुणाची जन्मतारीख मास्तरांनी शाळेत घातलेली १ जून, आधारवर भलतीच. अर्ज परत यायचे. दुरुस्तीला तेव्हा मालकाची मंजुरी लागायची आणि ठेकेदार फोन उचलेना.

शेजारचे मामा जन्मभर भट्टीवर राबलेले. त्यांचं पासबुक उघडलं तर मधल्या दोन वर्षांचा भरणाच नाही, पगारातून कपात मात्र झालेली. मामींनी पगाराच्या चिठ्ठ्या पिठाच्या डब्याखाली जपून ठेवल्या होत्या. त्या तारखेनं लावल्या, महिना, कपात, भरणा असा तक्ता केला आणि लेखी तक्रार दिली. थकलेल्यातले बरेचसे पैसे पुढं जमा झाले. माझ्या मते त्या चिठ्ठ्या जपणाऱ्या मामींचा वाटा आमच्यापेक्षा मोठा आहे.

इचलकरंजी, नोटाबंदी

वडील यंत्रमाग चालवायचे, आई सुताच्या कांड्या भरायची. पगार आठवड्याचा आणि रोख, मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरच्या पहिल्याच पगाराला बाबांच्या हातात जुन्या पाचशेच्या नोटा पडल्या. बँकेत बदलून मिळायचे आधी ४,०००, मग ४,५००, मग २,०००, आणि २४ तारखेनंतर तेही बंद. रांगेत उभं राहावं तर पाळी बुडते. आम्ही अकरावी-बारावीच्या मुली बँकेच्या दारात बसून स्लिपा भरायचो, बिहार-यूपीकडच्या कामगारांना झेरॉक्स काढून आणून द्यायचो.

पुढं आम्ही काही जणी मजुरी खात्यावर जमा करा म्हणून सांगायला गेलो. एक खर्चीवाले (व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारे मागमालक) काका म्हणाले, ‘पोरी, व्यापाऱ्यानंच मला दिलं न्हाईत, तुझ्या बाबाला कुठनं देऊ?’ खरंच होतं ते. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, काकांचे फक्त माग, तेही कर्जावर घेतलेले. ज्याच्या दारात भांडायला गेलो तोच बुडत होता. मग भांडायचं कुणाशी, यावर आम्ही कितीतरी दिवस वाद घातला.

ऊसतोड

मूळचा बीड जिल्ह्यातला. शिवाजी विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’त राहून एमए केलं. आईवडील इकडंच ऊसतोडीला यायचे. तोडीत नवराबायको मिळून एकच ‘कोयता’ मोजतात. उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे) नवऱ्याच्या नावावर, हिशोबही त्याच्याच नावावर. आईनं इतकी वर्षं मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत चढवल्या, पण टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत ती कुठंच नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये टोळ्या इथंच अडकल्या. आम्ही मित्रांनी फोनवरून याद्या केल्या : गाव, तालुका, माणसं, लेकरं, बैल. बैल टाकून कुणी निघणार नव्हतं, म्हणून तेही लिहिले. एप्रिलच्या मध्यावर तपासणी करून घरी सोडायची परवानगी आली तेव्हा या याद्या उपयोगी पडल्या. यादीत प्रत्येक बाईचं नाव मी वेगळ्या ओळीत लिहिलं. मुकादमानं विचारलं, ‘एवढं कशाला?’ मी लिहीत राहिलो.

गगनबावड्याकडून

ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. वडापनं (खासगी जीपनं) कॉलेजला जायचं तर पासाच्या कितीतरी पट पैसे. तरी मी डेपोत जाऊन बसायचो, कारण मुक्कामी गाडीचे कंडक्टर काका आमच्याकडं जेवायचे आणि त्यांच्या घरची ओढाताण मला माहीत होती. त्याच वर्षी वर्गातल्या एका मुलीचं कॉलेज गाडीअभावी सुटलं. तिच्यासमोर संपाची बाजू मांडायची माझी हिंमत झाली नाही, आजही होणार नाही.

मी कामगार, २००९

ऑर्डरी आटल्या आणि आम्हाला घरी बसवलं. गेटवर कॉलेजची पोरं आली, बिंदू चौकात कम्युनिस्ट नेते कॉ. गोविंद पानसरेंना ऐकून तयार झालेली. (कामगारांचे खटले चालवणारा तो माणूस. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले. अजून मन शांत होत नाही.) परीक्षा आल्या तशी पोरं पांगली. एकटा राहिला. कंपनीच्या माणसानं इंग्रजीतला कागद पुढं केला, ‘हिशोबाचा हाय, सही कर.’ पोरगं म्हणालं, ‘मामा, आधी वाचू दे मला.’ तो राजीनामा होता. कामावरून कमी केलं तर कायद्यानं वर्षामागं १५ दिवसांच्या पगाराची भरपाई मिळते, राजीनामा दिला की ती गेली. मी सही केली नाही. पोरांनो, घोषणा द्या, पण एकानं तरी सुनावणीच्या तारखेला बरोबर या.

नाक्यावर, सध्या

समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. एप्रिल २०२० मध्ये सरकारनं बांधकाम कामगारांना २,००० रुपये जाहीर केले, पण फक्त नोंदणी असलेल्यांना. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्यांना रोज नवा मालक, दाखला देणार कोण? आम्ही बायकांना छोट्या वह्या दिल्यात : तारीख, जागा, मिस्त्रीचा फोन. लिहिता न येणाऱ्यांची वही त्यांच्या मुली भरतात.

इचलकरंजीच्या ताई, मजुरी खात्यावर जमा व्हायला लागली का, तेही लिहा. आणि हुपरीच्या चांदीकामाबद्दल अजून कुणीच लिहिलेलं नाही. तिथं घरी बसून काम करणाऱ्या बायकांना मंदीत मजुरी कशी मिळाली, कुणी पोरंपोरी त्यांच्याकडं गेली का, माहीत असणाऱ्यांनी सांगावं.