ग्रुप थेरपी: अनोळखी लोकांसमोर कसं बोलायचं?

पाऊसवेडी:
मी काही महिने काउन्सेलरकडे जातेय. नवऱ्याशी वाजलं की मी तोंड मिटून घेते, आठवडा आठवडा अबोला आणि मग एखाद्या फालतू गोष्टीवरून भडका उडतो. आता मॅडम म्हणतायत ग्रुप जॉइन कर, सातआठ जण, आठवड्यातून एकदा दीड तास. पण जे सख्ख्या बहिणीला सांगत नाही ते परक्यांना का सांगू? आणि बाहेर फुटलं तर?

निवांत:
मी जातो. सुरुवातीला नुसता ऐकत बसायचो, कोणी बळजबरी केली नाही. माणूस घरी जसा वागतो तसाच हळूहळू तिथेही वागायला लागतो, आणि खरं काम तिथेच होतं. मी कायम "चालेल चालेल" म्हणणारा. ग्रुपमधले एक काका रोज उशिरा यायचे, मी म्हटलं चालतंय, तर थेरपिस्टनी विचारलं, "खरंच चालतंय?" मग सांगून टाकलं की मला राग येतो. काका चिडले नाहीत, म्हणाले बरं झालं बोललास. राग बोलून दाखवला तरी नातं तुटत नाही हे मी तिथे पहिल्यांदा अनुभवलं, मग घरी बोलायची हिंमत आली.

मनमोकळी:
मी ग्रुप घेते म्हणून सांगते. ही पद्धत जुनी आहे, १९०५ मध्ये बोस्टनला डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या पेशंट्सना एकत्र बसवायला सुरुवात केली, हेतू औषधपाणी आणि पथ्य शिकवायचा होता पण एकमेकांमुळे त्यांना धीर यायला लागला. गुप्ततेचं म्हणशील तर नियम पहिल्याच दिवशी ठरतो, पण थेरपिस्ट व्यवसायाने बांधील असतो आणि मेंबर फक्त शब्दाने, त्यामुळे शंभर टक्के हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून आधी एकटीने भेट आणि विचार: ग्रुप कोण घेतं, मधेच नवीन लोक येतात का, सोडायचा झाला तर काय. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर मात्र आधी एकट्याची ट्रीटमेंट, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कधीही लावता येतो.

सातारची:
माझं थोडं वेगळं आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी सहचरी म्हणून गट आहे, तिथे जायचे. थेरपीपेक्षा आधारगट म्हणा. दारू लपवायची, त्याच्या ऑफिसात खोटं सांगायचं, हे फक्त मीच करते असं वाटायचं, तिथे दुसरीच्या तोंडून तेच ऐकलं आणि इतकी वर्षं धरून ठेवलेली लाज गळूनच पडली हो. बहीण आपल्याबरोबर रडते, पण तिला नवऱ्याची बाजूही माहिती असते, सणावाराला ती त्याच्यासमोर बसणार असते. परक्यांचं तसं नसतं.

पाऊसवेडी:
ताई, हे बहिणीचं अगदी खरंय. मॅडमना भेटून विचारतेच. ग्रुपमध्ये पुरुषही असणार आहेत, त्याने अवघडायला होतं का?

निवांत:
होतं सुरुवातीला. ते अवघडलेपणही तिथेच बोलून टाका, चालतं.