जलविमानाचा अपघात आणि घरातली जुनी पत्रे : अनुभव धागा

गेल्या रविवारी आजोबांची पत्र्याची ट्रंक आवरताना एक पाकीट हाती आले आणि आजीने सांगितलेली हकिगत पुन्हा जागी झाली. पाकिटावर तिकीट नाही, त्या जागी फिकट चौकोन उरला आहे. आजोबांचे थोरले बंधू लंडनला शिकत असताना त्यांनी धाडलेले हे पत्र. शाईने लिहिलेली चारही पाने पसरून निळी झाली आहेत, पण शेवटी पेन्सिलीने घाईत लिहिलेली ओळ जशीच्या तशी आहे : ‘स्वेटर पोचला, आईस सांगणे.’

आजी सांगे, हे पत्र समुद्रातून काढलेले आहे. ३१ डिसेंबर १९३५ रोजी इम्पीरियल एअरवेजचे ‘सिटी ऑफ खार्टूम’ हे जलविमान क्रीटहून अलेक्झांड्रियाकडे येत होते. बंदर अगदी जवळ आले असताना, तिन्हीसांजेला, त्याची तिन्ही इंजिने बंद पडली आणि ते समुद्रात कोसळले. १३ जणांपैकी १२ गेले. एकटा वैमानिक सुमारे पाच तासांनी ब्रिटिश युद्धनौकेच्या हाती लागला. आपल्या घरी अशी काही आठवण असल्यास अवश्य लिहावी.

टपालप्रेमी : ताई, कृपा करून ते पाकीट लॅमिनेट करू नका. वडिलांचे असेच एक पाकीट मी हौसेने लॅमिनेट करून घेतले आणि दहा वर्षांत ते पिवळे पडले, याची रुखरुख अजून जात नाही. त्या काळी विलायतेचे टपाल कराचीपर्यंत येई आणि १९३२ पासून तेथून मुंबईला टाटांच्या विमानाने पोचे, त्यामुळे आपले पत्रही बहुधा जुहूलाच उतरले असावे.

निवृत्त तंत्रज्ञ : या अपघाताचे कारण वाचले तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. इंजिनांच्या कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक तोट्या, बदलल्यामुळे इंधन जास्त लागू लागले होते, तो हिशेब उड्डाणाआधी पुरेसा धरला गेला नाही आणि टाक्या कोरड्या पडल्या. मी तीस वर्षे विमानांच्या देखभालीत काढली. एकदा नोंदवहीतला इंधनाचा आकडा आणि टाकीत बुडवलेल्या पट्टीवरचा आकडा जुळेना, म्हणून मी विमान थांबवले आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर हेच जलविमान होते.

हुगळीकाठची : आमचे कुटुंब तीन पिढ्या कोलकात्यात आहे. जून १९३९ मध्ये ‘सेंच्युरियन’ हे जलविमान हुगळीत उतरताना वाऱ्याच्या झोतात सापडून बुडाले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. आजोबा कचेरीतून थेट घाटावर गेले होते, आणि पुढे कित्येक वर्षे नदीवर विमानाची घरघर ऐकू आली की बोलता बोलता गप्प होत.

मालदीवहून परत : मागच्या वर्षी आम्ही जलविमानात बसलो. जीवरक्षक जाकीट कमरेला बांधून दिले होते आणि ते विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचे, असे बजावून सांगितले होते. तेथे ही विमाने अंधारात उडत नाहीत, आणि वर सांगितलेली तिन्हीसांजेची हकिगत वाचून ते किती योग्य आहे, हे मनोमन पटले.

वाचक : स्वेटर कोणी विणला होता?

धागाकर्ती : माझ्या पणजीने. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून ती पेन्सिलीची ओळ आजोबांनी मोठ्याने वाचून दाखवली आणि पाकीट भिजले कसे, तेही सांगितले. आजी तेव्हा नवी सून होती, दाराआड उभी होती. ती सांगे की सासूबाईंनी स्वेटराबद्दल अक्षरही काढले नाही. ‘त्या बारा जणांच्या घरी कळवले का रे?’ एवढेच त्यांनी विचारले.