ऑक्सोमोक्सोआचं जुनं मिक्स कसं ओळखायचं? मदत हवी आहे
मंडळी, ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा १९६९ चा ऑक्सोमोक्सोआ हा अल्बम मला एलपीवर घ्यायचाय, पण बँडमधल्याच गार्सिया आणि लेशनी १९७१ मध्ये तो परत मिक्स केला (म्हणजे रेकॉर्ड केलेले वेगवेगळे आवाज नव्यानं जुळवले), त्यात 'माउंटन्स ऑफ द मून' या गाण्यामागचा कोरस काढला, 'डूइंग दॅट रॅग'चा शेवटचा, वाद्यांशिवाय नुसत्या गाण्याच्या आवाजांचा तुकडाही गेला, आणि पुढे कितीतरी वर्षं तेच मिक्स विकलं गेलं. मला जुनंच हवंय, १६ आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करणारं १६ ट्रॅकचं मशीन हाताशी आल्यावर हौसेनं सुचेल ते घालून गच्च भरलेलं, मला तर तोच खरा अल्बम वाटतो. वापरलेली एलपी घेताना कव्हर किंवा लेबलवरून कसं ओळखायचं? की सरळ २०१९ ची सीडी घेऊ, त्यात दोन्ही मिक्स आहेत? कुणी दोन्ही ऐकलं असेल तर प्लीज सांगा.