मदत हवी आहे: जुन्या टायटॅनियम फ्रेमवर पहिली रोड सायकल
नमस्कार मंडळी. मामांनी अमेरिकेत वापरलेली नव्वदच्या दशकातली लाइटस्पीडची टायटॅनियम फ्रेम मला दिली आहे. रंग नाही, नुसता करडा धातू. वेल्ड बघा तर नाण्यांची चळत आडवी पडल्यासारखे. जीव जडलाय.

सायकल जुळवायची माझी ही पहिलीच वेळ. मागच्या चाकाची जागा मोजली, 130 मिमी. बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचा आस बसतो ती जागा) 68 मिमी, उजव्या कपाला उलटे आटे, एवढं समजलंय.

खरा घोर सीटपोस्टचा, म्हणजे सीट ज्यावर बसते त्या दांड्याचा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट आत गच्च धरलाय, तसूभर हलत नाही. पाना लावून जोर केला तर फ्रेमच पिळेल अशी भीती वाटते. आधी तेल मुरवत ठेवू की थेट कापून काढू? कोणी केलंय का हे? पुण्यात हळुवार हाताचा मेकॅनिक असेल तर तेही सांगा.