केप बफेलोसाठी .375 की .416 रायफल? मदत हवी आहे

मंडळी, मे महिन्यात भावोजींबरोबर झिम्बाब्वेला केप बफेलोच्या (आफ्रिकेतला रानटी म्हसा) शिकारीला जातोय. रीतसर परवान्यावर. 1972 च्या कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे हे माहीत आहे आणि ट्रॉफी (शिकारीचं डोकं-शिंगं) आणायची नाही, त्यामुळे त्यावर वाद नको.

रायफल तिथेच भाड्याने मिळणार. पर्याय दोन: .375 एच अँड एच मॅग्नम (300 ग्रेन वजनाची गोळी) किंवा .416 रिग्बी (400 ग्रेन). दाजीपूरचा गवा अंगाने केप बफेलोहून थोराड, पण जखमी बफेलो उलटून अंगावर येतो म्हणतात, म्हणून भावोजी .416 वर अडून बसलेत. मला वाटतं, गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याला घाबरून ट्रिगर हिसकला तर मोठी गोळी काय कामाची?

मी कोल्हापुरात रेंजवर फक्त .22 ची हलकी रायफल चालवतो. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांची ना नाही. स्टिक्सवरून (रायफल टेकवायच्या काठ्या) उभ्याने नेम धरायचा सराव रिकाम्या रायफलवर चालू आहे. धक्क्याने स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) भुवईवर आदळून रक्त निघालेले फोटो बघून मात्र धडकी भरलीय.

दोन्ही प्रत्यक्ष चालवलेल्यांनीच सांगा: माझ्यासारख्याला .416 वरून पटकन दुसरी गोळी नेमकी मारता येईल, की .375 च घेऊ?