दारातला भेरली माड वरून खाली फुलत आलाय, वाचेल का?

अंगणातली, नाशिक
गंगापूर रोडला आमच्या दारात भेरली माड आहे. 2001 साली बाबांनी सावंतवाडीहून वीतभर रोप आणलं, एसटीत मांडीवर धरून. इथल्या उन्हाळ्यात पानांच्या कडा करपायच्या, म्हणून चर खणून न्हाणीचं पाणी त्याच्या बुडाशी सोडलं. बाबा आता नाहीत. तीन वर्षांपूर्वी शेंड्याला पहिली पोय (फुलोरा) आली, घोड्याच्या शेपटीसारखी लोंबणारी. मला केवढा आनंद झाला! पण पुढची तिच्या खाली, मग त्याहून खाली. नवी झावळी येतच नाही, जुन्या वाळताहेत. माळीदादांच्या सांगण्यावरून दोन पाट्या शेणखत घातलं, फरक नाही. काय करू?

माडाखालचा, वेंगुर्ला
ताई, तुमचं काही चुकलेलं नाही. हा माड आयुष्यात एकदाच फुलतो. इतकी वर्षं खोडात पीठ साठवतो (केरळात, श्रीलंकेत ते काढून खातात) आणि सगळं फुलोऱ्यावर खर्च करतो. शेंड्यापासून बुडाकडे फुलत येतो, शेवटच्या पोयीची फळं पिकली की मरतो. बुंध्याला फुटवा नाही, तेव्हा बियाच धरा. पिकलेली लालसर फळं हातमोजे घालूनच सोला. गरात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, भयंकर खाज सुटते. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने याच्या नावातच 'युरेन्स' घातलंय, म्हणजे जाळणारा. बिया धुवा, वाळवू नका, ओलसर मातीत लावा. रुजायला महिने लागतात, धीर सोडू नका.

आमच्याकडे हा ओढ्याकाठच्या दमट रानात, मोठ्या झाडांच्या सावलीत उगवतो. उदमांजर आणि धनेश फळं खाऊन बिया पसरवतात. सावलीतलं झाड, म्हणून रोप उन्हात ठेवू नका.

घाटवाट, इगतपुरी
मेलेलं खोड आतून भुसभुशीत होतं. घराला खेटून असेल तर शेंड्याकडून तुकडे करत उतरवा. शहरात 1975 चा झाडांचा कायदा लागू आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आधी अर्ज करा.

अंगणातली
कालपासून डोळे भरून येताहेत, पण कळलं ते बरं झालं. झाडाखाली पडलेल्या फळांतून अठरा बिया निघाल्या. चराकडेला आंब्याची सावली आहे, तिथे कुंड्या मांडल्यात. सटाण्याच्या बहिणीला एक रोप देऊ का? तिकडे फारच कोरडं आहे.

माडाखालचा
तिच्याकडे न्हाणीचं पाणी वळवता येत असेल तर द्या.